नावावरचं सारवण

निवडणूक लागली की बाकीच्यांना उमेदवार दिसायचे, मला भिंती दिसायच्या. महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मंडळ अधिकारी म्हणजे नेमकं काय, हे शहरातल्या नातेवाइकांना मी जन्मभर सांगत आले आणि त्यांना ते अजून कळलेलं नाही. गावात मात्र समजावून सांगावं लागत नाही. तिथे आम्हाला 'सर्कल' म्हणतात. मी बाई, म्हणून सर्कलबाई.

एरवी आमचं काम सातबारा, फेरफार, वणव्यात जळलेल्या कलमांचे पंचनामे असं असायचं. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुका जाहीर झाल्या की आमच्या गळ्यात आचारसंहिता पथक यायचं. पथक म्हणजे मी, कोतवाल शांताराम, एक जीप, आणि जीपमध्ये जुने कागद, खळीचा डबा, चुन्याची बादली, सुतळी. एवढ्या शस्त्रांनिशी आम्ही लोकशाहीचं रक्षण करायला निघायचो.

ज्यांचा या कामाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आचारसंहिता लागली की सार्वजनिक मालमत्तेवर कुठल्याही उमेदवाराचं नाव, फोटो किंवा चिन्ह दिसता कामा नये. शाळा, विहीर, एसटीचा निवारा, विजेचा खांब, सगळं आलं. खाजगी भिंत असेल तर मालकाची लेखी परवानगी लागते. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या रत्नागिरीच्या गावांत बिननावाची वस्तू शोधून दाखवा. मुंबईकर मंडळींनी पै-पै जमवून गावाला नळ दिला, बाकडं दिलं, स्मशानात शेड दिली, आणि प्रत्येकावर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ अक्षरं कोरली. गाव लहान, आडनावं मोजकी. जो उभा राहील त्याचा बाप नाहीतर आजोबा कुठल्यातरी बाकड्यावर निघतोच.

या कामात नग बरेच भेटले. एक रंगारी होता. दिवसा उमेदवारांची नावं भिंतींवर रंगवायचा, आणि आम्ही ती पुसायला माणूस शोधायचो तेव्हा तोच यायचा. एकदा चुना कालवताना मला विचारतो, "मॅडम, जाड लावू की पातळ?" म्हटलं, फरक काय? तर म्हणे, "पातळ लावला की फुडच्या टायमाला अक्षरां गिरवायला बरी पडतात." एका उमेदवाराला छत्री चिन्ह मिळालं होतं आणि मतदान आलं भर पावसात. प्रतिस्पर्धी लेखी तक्रार घेऊन हजर: केंद्राजवळ छत्र्यांवर बंदी घाला. मी त्यांना म्हटलं, हरकत नाही, तेवढं बाहेर पावसात छत्रीशिवाय उभं राहून अर्जावर सही करून आणा. परत आले नाहीत.

माझी स्वतःची एक खोड होती. झाकायचा आदेश येतो, उघडायचा कधीच येत नाही. निकाल लागला की आचारसंहिता संपते आणि सगळे आपापल्या घरी जातात. एका आरोग्य उपकेंद्राच्या कोनशिलेवरचा कागद पुढच्या निवडणुकीपर्यंत तसाच राहिलेला मी पाहिला आहे. पथकाचं काम वाचलं एवढंच. मला ते बघवायचं नाही. आपण झाकलं तर उघडून यायचं, अशी माझी शिस्त. ऑफिसात सगळे हसायचे. "सर्कलबाई निघाल्या सुतकं फेडायला" म्हणायचे. हसू देत. पण त्याच खोडीमुळे मला भागीआजी कळली, आणि तिच्याबद्दल लिहायचं म्हणूनच आज बसले आहे.

गावाचं नाव सांगत नाही. सड्याखालचं, म्हणजे कातळाच्या पठाराखालचं गाव, दोन मोठ्या वाड्या, आणि शाळा उंचावर. पूर्वी शाळेत जायला कातळावरून चढावं लागे; पावसात शेवाळ धरलं की पोरं गडगडत खाली यायची. खालच्या वाडीतल्या विलास नावाच्या तरुणाने मनावर घेतलं. मुंबईला कारखान्यात फिटर होता. दर रविवारी गावाच्या मुंबई मंडळातल्या लोकांच्या दारात जाऊन त्याने वर्गणी गोळा केली आणि पाखाडी बांधायला घेतली. पाखाडी म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट. ती पुरी व्हायच्या आतच तो आजारपणात गेला. मंडळाने काम पुरं केलं आणि पायथ्याच्या खांबावर दगड बसवला. वर विलासचं नाव, खाली 'पत्नी सुलभा आणि मुंबई मंडळ'.

ही सुलभा नंतर मुंबई सोडून सासूकडे गावी आली. बचत गट चालवला, लोकांचे दाखले करून दिले, तहसीलच्या खेपा घातल्या. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा खालच्या वाडीने तिला उभं केलं. वरच्या वाडीने मालती नावाच्या बाईंना. मालतीबाई भल्या होत्या, पण त्यांची निवडणूक लढवत होते त्यांचे थोरले दीर तात्या.

तात्या एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर खिडकीत बसून गाड्या पुकारायचे. निवृत्त झाले तरी तो आवाज निवृत्त झाला नव्हता. बोलले की वाटायचं, आता फलाट क्रमांक सांगणार. नियमाचे पक्के, आणि तक्रारीचा अर्ज खिशात तयारच. आचारसंहिता लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते माझ्यापुढे उभे.

"मॅडम, मतदान केंद्र शाळेत. शाळेत जायची वाट एकच, पाखाडी. आणि पाखाडीच्या तोंडावर उमेदवाराचं नाव! प्रत्येक मतदार सुलभाचं नाव वाचून वर चढणार. हा प्रचार नाही तर काय?"

माणूस कितीही खवचट असला तरी मुद्दा बरोबर होता. मी शांतारामला खळ कालवायला सांगितली.

दगडाजवळ गेलो तर एक म्हातारी तिथे बसलेली. नऊवारी, कपाळ मोकळं, ओंजळीत अबोलीची चार फुलं. ती विलासची आई, भागीआजी. रोज सकाळी यायची, दगडावरून बोटं फिरवायची, फुलं ठेवायची आणि मग शेतावर जायची. वाचता येत नव्हतं. पण मुलाचं नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे बोटांना पाठ झालं होतं.

मी तिला कायदा समजावून सांगितला. अशा वेळी लोक भांडतात, रडतात, एकाने तर मला शापही दिला होता. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे माज्या पोराचा नाव बगून कोन मत देल, म्हून झाकायचा?"

"हो आजी."

"किती दिस?"

"निकाल लागेपर्यंत."

"आनि मंग उगडनार कोन?"

"मी."

"सोता?"

"मी स्वतः येऊन उघडीन. तोवर कुणी हात लावायचा नाही."

तेवढ्यात सुलभा तिथे आली. मला वाटलं, आता ही वाद घालणार. ती म्हणाली, "झाका मॅडम. मला मतं माझ्या कामावर हवीत. त्यांच्या जाण्यावर नकोत." म्हातारीने सुनेकडे पाहिलं, ओंजळीतली फुलं दगडावर न ठेवता खाली पायरीवर ठेवली आणि बाजूला झाली. आम्ही कागद लावला.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन: नाव उघडं आहे. जाऊन बघतो तर कागद गायब. पुन्हा लावला, पुन्हा गायब. खालच्या वाडीवर संशय घेऊन तात्यांनी अर्ज लिहिला. चोर सापडला तो तिसऱ्या फेरीत. खळ असते पिठाची, आणि वाडीतली गुरं सकाळी चरायला जाताना कागदासकट ती चाटून साफ करत होती. मग प्लास्टिकचं पोतं बांधलं, ते वानरांनी फाडलं. चिकटपट्टी दवाने सुटली. शांताराम कपाळाला हात लावून बसला.

भागीआजी हे सगळं दुरून बघत होती. जवळ येऊन म्हणाली, "बाय, कागुद गुरा खातात. शेन कोन खात नाय. मी सारवतंय."

मुलाच्या नावावर आईने शेण लिंपायचं? माझ्या चेहऱ्यावर ते तिला दिसलं असावं. "खळा सारवताव, देवाचा आंगान सारवताव, त्याच्यात कमीपना कसला?" म्हणत ती बादली घेऊन आलीसुद्धा. शेणात थोडी लाल माती कालवली आणि हाताने चार वळणं देत दगड सारवला. नाव गेलं, राहिलं फक्त बोटांच्या वळणांचं नक्षीकाम. त्या दिवसापासून रोज सकाळी ती फुलांऐवजी शेणाची बादली घेऊन यायची आणि आदल्या दिवशीचं सुकून भेगाळलेलं सारवण नवं करायची. एवढं चोख झाकलेलं नाव माझ्या नोकरीत मी दुसरं पाहिलं नाही.

तात्या गप्प बसतील तर ते तात्या कसले! नवा अर्ज आला. सारवलेला दगड बघून येणारा-जाणारा विचारतो की खाली काय आहे, लोक सांगतात सुलभाच्या नवऱ्याचं नाव. म्हणजे झाकल्यामुळे जास्तच प्रचार होतो. सर्वांना समान न्याय हवा.

अर्ज वाचून मला आधी हसू आलं. मग मी शाळेच्या अंगणात गेले. तिथे पिंपळाखाली सिमेंटचं बाकडं होतं आणि त्याच्या पाठीवर दगडी पाटीत तात्यांच्या वडिलांचं नाव. म्हणजे मालतीबाईंच्या सासऱ्यांचं. तेही केंद्राच्या दारातच. मी म्हटलं, "समान न्याय, तात्या. हेही झाकावं लागेल."

त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मॅडम, तो माझा बाप आहे."

"आणि तो तिचा मुलगा होता."

यावर त्यांच्याकडे पोटकलम नव्हतं. शांताराम कागद काढायला लागला, तर मागून भागीआजी बादली घेऊन चढत आलेली. धाप लागली होती. तात्यांना म्हणाली, "तुजा बापूस माज्या लग्नात वरातीफुडं बत्ती घेवन चालला व्हता. परक्याचा हात नको त्याच्या नावाला. मी सारवतंय." आणि जशी मुलाची पाटी सारवायची तशीच, तेवढीच निगुतीने, ती सारवली. तात्या तिथून हलले नाहीत. त्यानंतर त्यांचा एकही अर्ज आला नाही, आणि मला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

मतदानाच्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता पाखाडीशी पोचलो तर खाली हा गोंधळ! रात्रभर प्रवास करून मुंबईकरांची बस पहाटे आली होती. त्या बसचं भाडं कुणी दिलं हा वेगळा विषय. त्याची चौकशी लागली, आणि अशा चौकशांचं जे होतं तेच तिचं झालं. बसमधून उतरलेली खालच्या वाडीची पोरं पाखाडीशी येऊन बघतात तर विलासच्या नावावर शेण! गावात काय ठरलंय याची त्यांना कल्पना नाही. विरोधकांनी मुद्दाम फासलं असं धरून त्यांनी विहिरीचं पाणी आणून दगड लख्ख धुतला. पाचशे पावलांवरून वाचता यावं असं नाव चमकत होतं. आणि पोरांनी पायथ्याशीच तात्यांना गाठून घेरलं होतं.

"आमच्या विलासदादाच्या नावाला शेण फासता? आज बघतोच."

"मी फासलं नाही," तात्या म्हणत होते, पण त्या गलक्यात त्यांचा तो आवाजही पुरत नव्हता. वर शाळेपाशी थांबलेली मालतीबाईंच्या वाडीची माणसं धावत खाली येत होती. आमच्याबरोबर पोलीस होता तो एकच, तोही वर मशिनजवळ. मतदान सुरू व्हायची वेळ जवळ येत होती. एक हात उगारला गेला असता तर केंद्र बंद पडलं असतं. आणि हात नसता उगारला तरी उमेदवाराच्याच माणसांनी झाकलेलं नाव उघडं केलं, एवढं तात्यांनी लिहून दिलं असतं तरी सुलभाच्या मागे प्रकरण लागलं असतं. मी ओरडत होते. कुणी ऐकत नव्हतं.

गर्दी मागच्या बाजूने फाटत गेली. भागीआजी आली होती. बादली होतीच, रोजची वेळ होती तिची. तिने धुतलेला दगड पाहिला आणि क्षणभर तिचा हात आपोआप त्या नावाकडे गेला. बऱ्याच दिवसांनी ते उघडं दिसत होतं ना. बोटं टेकणार तोच तिने हात मागे घेतला आणि पोरांकडे वळली.

"धुवला कोनी?"

"काकी, अगं त्यांनी शेण..."

"मी सारवलंय ता. माज्या हातान. रोज सारवतंय. तुमाला इचारून सारवायचा व्हता काय?"

पोरं गार. तिने सगळ्यांच्या देखत बादलीत हात घातला आणि मुलाचं नाव पुन्हा लिंपायला घेतलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सुलभाने पदर तोंडाला लावला. मी पडले सरकारी माणूस, डोळ्यांतून पाणी काढायची सोय नव्हती, तरी आलं.

सारवून झाल्यावर आजीने पाणी मागितलं हात धुवायला. पोरांपैकी कुणी हलायच्या आत तात्यांनी पायरीवरची कळशी उचलली आणि तिच्या हातांवर धार धरली. मग खिशातून पेन काढलं. मला वाटलं, आला अर्ज. त्यांनी माझ्याच वहीत उभ्याउभ्या एक ओळ लिहून सही केली: मतदान सुरू होण्यापूर्वी नाव झाकलेले होते, माझी तक्रार नाही. मतदान शांततेत झालं.

मतमोजणी तालुक्याला झाली. सुलभा निवडून आली, अगदी काठावरच्या मतांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी सुतकं फेडायला निघाले. वाटेत शांताराम म्हणाला, "मॅडम, आज तिथं कशाला? काल मिरवणुकीत उघडला असेल दगड." मलाही तसंच वाटलं होतं. जिंकलेल्या माणसांना कोण अडवणार?

पाखाडीशी आलो. दगड झाकलेला. नुसता झाकलेला नाही, त्या सकाळीच ताजं सारवलेला. ओलं होतं अजून. पायरीवर आजी बसलेली, बाजूला पाण्याने भरलेली कळशी, आणि पदरात अबोली. जवळच उभ्या सुलभाने सांगितलं, आदल्या संध्याकाळी मिरवणूक गुलाल घेऊन इथे आली, पोरांनी दगड धुवायचा हट्ट धरला. म्हातारी आडवी उभी राहिली. सर्कलबाय बोलल्यात, त्या येतील तवा. मालतीबाईसुद्धा सांगून गेल्या, आता कायदा उठला, उघडा आजी. नाही म्हणजे नाही. आणि आज पहाटे सारवण सुकलेलं दिसलं म्हणून पुन्हा सारवून बसली.

"आजी, काल निकाल लागला तेव्हाच संपलं होतं हो," मी म्हटलं. "धुवायचं होतंत."

"तुमी बोललाव व्हता ना, सोता येन म्हून," ती म्हणाली. "मंग?"

मी कळशी उचलली, तर तिने हात धरला. "आदी वर चला. तात्याचा बापूस मोटा. मोट्यांचा मान आदी."

हे वाक्य बाहेरच्याला साधं वाटेल. याच गावात शिमग्याला पालखी आधी कुणाच्या वाडीत जायची या मानावरून दोन वर्षं उत्सव अडला होता. त्याचे जबाब मीच नोंदवले होते. आणि ही बाई, सून निवडणूक जिंकलेली असताना, पहिला मान हरलेल्याच्या बापाला देत होती.

ती सगळी पाखाडी चढली. तात्या शाळेच्या अंगणात एकटेच उभे होते. तिने बरोबर आणलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. "वत." त्यांनी पाणी ओतलं, तिने हाताने पाटी चोळली, वडिलांचं नाव वर आलं. तात्यांनी उपरण्याने ते पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. मग आम्ही सगळे खाली आलो. तात्याही आले.

खालचा दगड मी धुतला, शब्दाप्रमाणे. आजी वाकून बघत होती. रोजच्या सारवण्याने आणि पोरांच्या घासण्याने अक्षरांतला रंग उडाला होता. तिने बोट फिरवलं, थांबली, घाबरल्यासारखी झाली. "रंग गेला काय गो बाय? सगळा जाग्याव हाय ना? वाच ना कोनतरी."

मी वाचायला तोंड उघडलं होतं. पण तात्या पुढे झाले. चष्मा लावला, घसा खाकरला, आणि स्टँडवर गाडी पुकारावी त्या खणखणीत आवाजात दोन्ही वाड्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागले. आधी विलासचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग 'यांच्या स्मरणार्थ'. आजी डोळे मिटून ऐकत होती, बोट अक्षरांवरून सरकत होतं. खालच्या ओळीशी तात्या जरासे अडखळले. सुलभा समोरच उभी होती. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आधीपेक्षा मोठ्याने वाचलं, "पत्नी सुलभा!"

"हाय," भागीआजी म्हणाली, "सगळा जाग्याव हाय." आणि तिने दगडावर फुलं ठेवली.